निंबाखालची घागर

९ फेब्रुवारी २०२५, देवपूर, धुळे

निरोप समारंभात शाळेने शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, उरली डायरी. जन्मभर पोरांना "रोज एक पान लिहा" म्हणून छळलं, आता आपली पाळी.

लिहायला निमित्तही आहे. आमचं गाव भडगावपासून जवळ, गिरणा नदीच्या अंगाला. तिथलं निंबाचं वावर आता रुंद झालेल्या रस्त्याला लागलंय आणि तिथे पेट्रोल पंप टाकायचं आम्ही बहीणभावांनी ठरवलंय. नवलदादा शेती बघतो, मी कागद बघणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी पंपाची मालकीण! गल्लीतल्या बायका आत्ताच मला फुकट पेट्रोल मागायला लागल्यात.

आबा, म्हणजे माझे वडील अभिमन पाटील, मागच्या वर्षी पडल्यापासून माझ्याकडे असतात. शहाऐंशी वय, कान गेले, पण जीभ शाबूत. गावाकडच्या घरात नवलदादा आणि प्रमिलाकाकू. काकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची, जीवरामकाकाची बायको. काका १९७९ च्या दिवाळीत नाहीसे झाले. गिरणेच्या काठी त्यांचा रक्ताने माखलेला सदरा सापडला, आमचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, बादल याला खुनाच्या आरोपाखाली धरलं आणि खटला उभा राहण्याआधीच तो तुरुंगात वारला. प्रेत कधीच मिळालं नाही. म्हणून काकू आजही कपाळावर ठसठशीत कुंकू लावते. आबांनीच तेव्हा गावासमोर ठणकावलं होतं, की माझा भाऊ मेलेला कोणी पाहिला नाही, तोवर त्याची बायको सवाष्णच.

काकू जुन्या वळणाची. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर ओढून बसते आणि त्यांच्याशी थेट अजून एक शब्द बोललेली नाही. "तुझ्या आबांना सांग, चहा निवला," असं मला सांगते. आबा समोरच असतात.

१७ फेब्रुवारी

आमची वकील हेमलता ही माझीच विद्यार्थिनी. नववीत विज्ञानात काठावर पास, आता मला कायदा शिकवते. म्हणाली, "मॅडम, कंपनीला जमीन कोणाची, कशी आली, मध्ये काय पिकलं, सगळं लागतं. जुने फेरफार आणि सातबारे सगळे काढा."

म्हणून भडगावला गेले. अर्ज, त्यावर तिकीट, "साहेब जेवायला गेलेत", मग "साहेब आत्ताच आले आणि गेले". कागद नंतर मिळतील. येताना वावरावर थांबले. निंब केवढा झालाय! खाली ओटा, त्यावर शेंदूर फासलेला दगड. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरात पूर्वजांच्या नावाने घागरी भरतात तेव्हा आबा एक जादा घागर इथे आणतात, वावराच्या देवाला. माझ्या आठवणीत एकदाही चुकलं नाही. ती घागर काकू स्वतः कुंभाराकडून वाजवून निवडून घेते, तिच्यावर कुंकवाची बोटं ओढते. पण ठेवतात आबा एकटेच. ओठांत काहीतरी पुटपुटतात, आम्हाला लांब उभं करतात. मंत्र असेल.

दादाला मी म्हटलं, टाक्या निंबापाशीच घेऊ, रस्त्याला सोयीचं. तर तो म्हणाला, "तठे नको. तठली माती भुसभुशीत शे, टाकी बसी जाई." शेती करणाऱ्याला मातीची बरोबर जाण असते.

तिथे उभी असताना काकांचा शेवटचा पोळा आठवला. मी सहावीत. काकांनी नवं ऑइल इंजिन आणलं होतं. म्हणाले, बैलांची पूजा तशी याचीही, हा पण राबनारच शे. इंजिनाला हार, हळद. मी ढवळ्याच्या शिंगांना हिंगूळ लावला आणि काकांनी मला उचलून त्याच्या पाठीवर बसवलं. ढवळ्या इतका गरीब बैल की शेपटीसुद्धा जपून हलवायचा. असा काका पुन्हा मिळायचा नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपासाच्या साबुदाण्यावर आज वाद झाला, आणि वाद साबुदाण्याचा नव्हता.

फेरफार मिळाले. वावर अजून दोघा भावांच्या नावावर आहे, अभिमन आणि जीवराम, आणि कारभारी म्हणून आबा. हेमलता म्हणाली, काका मयत असल्याचं कोर्टाकडून ठरवून घ्या, काकूची वारस म्हणून नोंद करा, मग अर्धा पंप त्यांचा. मला पटलं. पंचेचाळीस वर्षं ती बाई आमच्या घरात भाकरी थापते आणि तिच्या नावावर हाताएवढी जमीन नाही.

आबांना सांगितलं तर ताट बाजूला सारलं. "तिनं कुंकू मी पुसू? मना भाऊ मरना असं कागदवर लिखी देऊ? तुले लाज नही वाटत, सुलक्षणा?"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला खरंच लाज वाटली. एवढ्या वर्षांनीही भावाला मेलेलं म्हणवत नाही, असा माणूस. मी विषय सोडला. हेमलताला सांगितलं, नुसती जाहीर नोटीस देऊन बघू.

८ मार्च

जुन्या सातबाऱ्यांचा गठ्ठा मिळाला. पीक पाहणीचे कागद म्हणजे दरवर्षी तलाठ्याने वावरात जाऊन काय पेरलं, पाणी कशाचं, झाडं कोणती ते लिहायचं. किडमिडीत अक्षर, मी वरवर चाळले. आबांनी हौसेने मागितले. चष्मा लावून, भिंग धरून बसले. एवढा रस त्यांनी माझ्या लग्नपत्रिकेतही घेतला नव्हता.

"कोनकोनता सालना शेत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या सालांचे. पंचाहत्तरपासून पुढे."

"बठ्ठा?" म्हणाले, आणि भिंग पुसून पुन्हा गठ्ठ्यावर वाकले.

नोटीस आज पेपरात आली. कोणाची हरकत असल्यास कळवावे. कोणाची असणार?

१३ मार्च, होळी

आबा यंदा हट्टाने कॉलनीच्या होळीला आले. मी हात धरून नेलं. नैवेद्य टाकला, नारळ टाकला, मग बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तोही टाकला. मी विचारलं तर म्हणाले, जुनं लाइट बिल. घरात रद्दीचा ढीग आणि आबांनी होळीत एक बिल जाळावं! म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण, खोटं नाही.

१९ मार्च

हरकत आली!

हेमलताच्या ऑफिसात एक बाई बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याकडून, चोपड्याच्या वरच्या अंगाने, दोन एसटी बदलून आलेली. पायांना अजून धूळ. नाव बिजलीबाई. बादलची मुलगी. तिच्या गावच्या मास्तरांनी पेपरातली नोटीस वाचली, त्यात गावाचं आणि आबांचं नाव ओळखलं आणि तिला सांगितलं.

मला बघून ती उठली नाही. मला राग आला, मग माझाच राग आला. तिने का उठावं?

मी विचारलं, तुमचा जमिनीवर हक्क काय? ती म्हणाली, "वावरवर मनी हरकत नही. वावर तुम्हनं शे. तठली हीर कोठे गयी, इतलं सांगा."

"कोणती विहीर?"

"निंब शे तठे. मी ते पानी पेयेल शे. दिवाईले आम्ही पहाडमा घर गयतूत. परत उनूत तं हीर नही. मना बाप पोलिसले सांगे, हीरमा देखा, हीरमा देखा. कोनी देखं नही."

तिच्या आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली पोलिस केसच्या कागदांची नक्कल तिने आणली होती. त्यात आबांचा जबाब आहे. सदर विहिरीत आमचा बैल पडून मेल्याने ती मे महिन्यातच बुजविली असे. दिवाळीशी विहिरीचा संबंध नाही असे. खाली आबांची सही, ती मी कुठेही ओळखेन.

जाताना बाई म्हणाली, "आखाजीले सालदारनं साल सरस. मना बापनं साल सरनंच नही." आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं, हिशोब होतो.

मी तिला चहा पाजला. आणखी काय करणार होते? बापाच्या बाजूने लेक बोलणारच, असं मी हेमलताला म्हटलं. 

२० मार्च

आबांना विचारलं. कानाचं मशीन नीट बसवून, सावकाश. विहीर होती का? होती, म्हणाले. मेमध्ये ढवळ्या पडला, कण्हत कण्हत मेला, पोरंसोरं पडतील म्हणून बुजवली. पुढे निंब दादाने लावला. एका दमात सांगितलं, शाळेतल्या कवितेसारखं.

मला बरं वाटलं. विषय मिटला. दुपारी मात्र झोप लागली नाही. पंख्याचा आवाज येतोय, मेकॅनिकला बोलवायला हवं.

२७ मार्च

गठ्ठ्यातला १९७९-८० चा कागद सापडेना. सगळं घर पालथं घातलं. मी कागद हरवणारी बाई नाही. पोरांचे बत्तीस वर्षांचे पेपर मी हरवले नाहीत. शेवटी भडगावला जाऊन पुन्हा नक्कल घेतली. तिथला बाबू म्हणाला, "आजीबाई, परत?" त्याला आजीबाईचा अर्थ शिकवून आले.

एसटीतच वाचला. त्या सालचा खरीप, पाहणी दसऱ्याच्या सुमाराची. भुईमूग, बागायत. पाणी कशाचं: विहीर. खालच्या ओळीत रब्बी: दादर ज्वारी, जिरायत. विहिरीचा रकाना कोरा. त्यानंतर कुठल्याच सालात विहीर नाही.

म्हणजे मेमध्ये बुजवलेल्या विहिरीवर दसऱ्याला भुईमूग भिजत होता.

पण यात काय एवढं? तलाठी काय दरवेळी बांधावर जातात? चावडीत बसून मागचंच पुढे उतरवायचं, ही रीत सगळ्या जगाला माहीत आहे. मागच्या साली विहीर होती, त्याने पुन्हा लिहिली. झालं. मी एवढं लिहितेय ते उगाच. आणि खानदेशात पाण्याची विहीर कोण बुजवतं, हा प्रश्न माझा नाही, बिजलीबाईचा आहे.

२९ मार्च

हेमलताकडे गेले, तलाठ्याच्या आळसाचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, वर्गात कधी ऐकलं नाही तसं. मग त्याच कागदावर बोट ठेवलं. शेऱ्याचा रकाना मी वाचलाच नव्हता.

"विहिरीवर नवीन ऑइल इंजिन."

"मॅडम, मागच्या सालच्या कागदावर इंजिन नाही. मोट आहे. हे मागचं उतरवलेलं नाही. हा माणूस बांधावर गेला होता, त्याने इंजिन डोळ्यांनी बघितलं."

मी म्हटलं, हो, काकांनी आणलं होतं, पोळ्याला आम्ही त्याची पूजा केली.

आणि तिथेच माझी जीभ थांबली. पूजा केली ती विहिरीवर; इतकी वर्षं ती विहीर माझ्या आठवणीतून पुसलीच गेली होती. बैल उभे होते. मी ढवळ्याच्या शिंगांना हिंगूळ लावला. त्याच्या पाठीवर बसले. पोळा श्रावण अमावस्येला येतो. मेमध्ये विहिरीत पडून कण्हत मेलेल्या बैलावर मी श्रावणात बसले होते.

हेमलताने पाणी दिलं. तिला मी पोळ्याचं काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, या कागदाने खून शाबीत होत नाही, पण जबाब खोटा होता हे शाबीत होतं, आणि एकदा जबाब खोटा ठरला की पोलिसांना तिथे खणावं लागेल. "तुम्ही सांगाल तेव्हा. नाही सांगितलं, तर बिजलीबाई माझी अशील नाही."

म्हणजे तिने ते माझ्या पदरात टाकलं.

२ एप्रिल

पाडवा आला नि गेला, गुढी उभारली. आबांनी श्रीखंड मागून घेतलं. त्यांचा हात बघत होते. या हाताने मला सायकल शिकवली. भीती वाटते मला. कोणाची, ते कळत नाही.

११ एप्रिल

बहिऱ्या माणसाचं गुपित सगळ्या गल्लीला कळतं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, आबा आत दादाशी फोनवर बोलत होते. आवाज थेट फाटकापर्यंत.

"आखाजीले जेसीबी बलाव. दुपारले. त्या दिन वावरमा कोनी ऱ्हास नही, मानसं पत्ता खेडतस, सालदार सुट्टीवर ऱ्हातस. निंब पाड, खाले खोल खन. जे निंघी ते गिरनामा टाक. पोरगीना कागद कंपनीकडे जावाना पहिले."

मग थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तू तव्हय भेला नही, आते काय भेस?"

तेव्हा भ्याला नाहीस, आता काय भितोस. दादा त्या वर्षी अकरावीत होता. माती गाडीने वाहिलेली असणार, एकट्या माणसाचं काम नाही ते. पण हे मी कशाला लिहितेय. सोळा वर्षांच्या पोराला बाप म्हणाला गाडी हाक, तर तो हाकणारच. तो काय विचारणार आहे, कशाची माती.

ओला टॉवेल हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे, त्याचं पाणी पायावर गळून चप्पल भिजली.

१२ एप्रिल

वाटणी. सगळं वाटणीवरून झालं असणार. आता आठवतं, त्या दसऱ्याला सोनं देताना दोघं भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. काकांना विहिरीकडची बाजू हवी होती, इंजिन त्यांचं होतं. आई म्हणायची, भावाभावात पाणी शिरलं की घर ओलं होतं. मला वाटायचं, ती छपराबद्दल बोलते.

आई हे सगळं जाणून होती का? ती गेली त्याला वीस वर्षं झाली. आता कोणाला विचारू?

२१ एप्रिल

ऊन असं की कावळेसुद्धा बोलत नाहीत. आबांना आंघोळ घातली. पाठ किती लहान झालीय. साबण लावता लावता एकदम विचारावंसं वाटलं, आणि विचारलंही, हळू आवाजात, मशीन काढलेलं होतं म्हणून. "आबा, काकाला का मारलं?"

ते म्हणाले, "पानी ऊन शे. जरासं गार टाक."

टाकलं.

मी गप्प बसले तर काय होईल? आखाजीला जेसीबी येईल, निंब पडेल, काका गिरणेत जाईल, जिथे तो कधी नव्हताच. बिजलीबाईचा बाप खुनी राहील. काकू कुंकू लावत राहील, आणि मी पंपाची मालकीण. आणि बोलले तर शहाऐंशीव्या वर्षी बापाला पोलीस नेतील, दादालाही, आणि नेणारी मी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कोणाच्या लाखाची?

मला माझ्या बापावर अजूनही माया आहे, हेच सगळ्यात वाईट आहे.

२९ एप्रिल, गाव

काल आबांना घेऊन गावी आले. त्यांनीच घाई केली. दादा माझ्याकडे बघत नाही, जेसीबीवाल्याशी बाहेर जाऊन बोलतो. मला म्हणाला, "निंबाची मुळं काढतोय फक्त, सुली." मी म्हटलं, बरं.

काकू कामात बुडालेली. सांजोऱ्या तळल्या, डांगर म्हणजे खरबूज आणलं, खापरावर मांडे. आखाजीला तिच्याएवढी हौस घरात कोणालाच नाही. संध्याकाळी घागरी धुऊन पालथ्या घातल्या. एक बाजूला. ती तिने बोटाने टणटण वाजवून मला ऐकवली.

"देख, कशी वाजस. देवनी घागर शे, चिरेल नको."

मी तेव्हाच सांगणार होते. तोंडात आलं होतं. पण तिने कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि त्या घागरीवर एकेक रेघ ओढायला लागली, जीभ दातांत धरून, लहान पोरीसारखी. मला तिथून उठावं लागलं.

३० एप्रिल, आखाजी

क्रमाने लिहिते. नंतर मला कोणी विचारेल.

सकाळी घरात घागरी मांडल्या. काकूने उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढत एकेका पूर्वजाचं नाव घेतलं, आजा, पणजा, आजी, माझी आई. जीवराम हे नाव घेतलं नाही. जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत, ती का घेईल?

जेवणं झाली. गावात सामसूम, चावडीच्या सावलीत पत्त्यांचे डाव रंगले होते, शेतांत चिटपाखरू नाही. आबा म्हणाले, पहिले घागर ठेवसू, मंग नवल त्याचं काम करी. दादाने गाडी काढली. मी म्हटलं, काकूही येईल. आबांना ऐकू गेलं नसावं. दादाला गेलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी चालू केली.

रस्त्याकडेला जेसीबी उभाच होता, ड्रायव्हर खाली सावलीत आडवा. दादा त्याच्याकडे गेला. आबा घागर पोटाशी धरून, काठी टेकत निंबाकडे निघाले. नेहमीसारखा हात केला, तुम्ही इथेच थांबा.

मी काकूचा हात धरला आणि म्हटलं, "चल."

ती म्हणाली, "जेठजीस्ना मांगे? असं नही जावानं."

"आज जायचं." मी तिला ओढलंच म्हणायचं. आबांनी पूजेसाठी मशीन काढून खिशात ठेवलं होतं. त्यांच्या पाठीमागे अगदी जवळ जाऊन आम्ही उभ्या राहिलो, तरी त्यांना पत्ता नाही. निंबाचा मोहर खाली पडत होता. त्यांनी घागर ओट्यावर टेकवली, वर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली, हात जोडले. बहिरा माणूस जे पुटपुटतो ते चांगलं मोठ्याने असतं. ते एवढी वर्षं आम्हाला लांब का उभं करत होते, ते कळलं.

"जीवराम, पानी पे रे भाऊ. मोठा भाऊना हातनं पे. आते तुले आठेन हालावनं पडी, राग नको धरू."

काकूचा हात माझ्या हातात गार झाला. तिने आधी घागरीकडे बघितलं, स्वतः ओढलेल्या बोटांकडे. मग जमिनीकडे. मग हात सोडवून घेतला, डोक्यावरचा पदर खांद्यावर पाडला आणि वळसा घालून आबांच्या पुढ्यात उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तिचं तोंड धडपणे पाहिलं नव्हतं.

त्यांना वाटलं, मी आहे. मग दिसलं, मी नाही.

त्यांनी खिशातून मशीन काढलं. कानात बसेना. काकूने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः त्यांच्या कानात बसवलं. मग बोलली, थेट त्यांच्याशी.

"आजून एक डाव बोला, भाऊ. घागर कोना नावनी शे?"

आबा ओट्यावर बसले. काकू उभीच. दादा रस्त्याकडून धावत येत होता, तो अर्ध्या वावरात थांबला आणि तिथेच ढेकळांत मटकन खाली बसला. जेसीबीचा ड्रायव्हर उठून बघायला लागला, त्याला मी ओरडून सांगितलं, जेसीबीला हात लावायचा नाही. वर्गातला आवाज अजून आहे माझा.

शेवटी आबा म्हणाले ते काकूला नाही, मला म्हणाले. "सुलक्षणा, तीस लागनी. पानी दे."

घागर भरलेली होती, हाताच्या अंतरावर. काकूने तिच्यावर पालथा हात ठेवला.

मी पिशवीतून माझी बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या तोंडाला लावली, सांडलेलं पदराने पुसलं. बाप आहे माझा. पोटभर प्यायले. मग मी थोडी लांब गेले आणि हेमलताला फोन लावला. म्हटलं, कागद पोलिसांत दे, आणि बिजलीबाईला आजच निरोप पाठव.